गोंदियाची तळी ते पवनीचा घाट: पहिल्यांदा गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी

माझी नणंद पुण्याला असते. काही वर्षांपूर्वी तिचा फोन आला, "वहिनी, मुलांना सुट्ट्या लागल्यात, तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे?" मी भाबडेपणाने म्हणाले, "तलाव आहेत की! नुसते तलावच आहेत." ती, जावईबापू आणि दोन मुलं मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात येऊन थडकली. पहिल्याच तळ्यावर गाडी थांबवली तर समोर भेगाळलेला चिखल, त्यात दहा-बारा म्हशी, आणि मधोमध आंघोळीपुरतं पाणी. जावईबापू शहाण्या माणसासारखे गप्प राहिले, पण धाकट्याने विचारलंच, "मामी, तलाव कुठे गेला?"

तेव्हापासून मी पाहुण्यांना तारखा सांगते, रस्ता सांगते, आणि कुठे थांबायचं नाही तेही सांगते. चाळिशीत गाडी शिकले. तेव्हापासून गोंदिया ते पवनी हा पट्टा स्वतः चालवत इतक्यांदा पालथा घातलाय की पाहुण्यांसाठी एकदाचं सगळं लिहून काढलेलं बरं, असं वाटलं. विदर्भाला समुद्र नाही, म्हणून इथे खाडी नाही, खारफुटी नाही. पण पाणथळ बघायला लोक कोकणात आणि केरळात जातात, त्यातलं बरंच काही इथे धानाच्या बांध्यांमधून (म्हणजे भातखाचरांमधून) जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला दिसतं. शेवटी वैनगंगेच्या काठचं दोन हजार वर्षांहून जुनं गावही लागतं.

१. हे पाणी कुणाचं, ते आधी समजून घ्या

ही पायरी लोक गाळतात आणि मग सगळा प्रवास "अजून एक तळं" म्हणत संपवतात.

आमच्याकडची बहुतेक तळी माणसांनी बांधलेली आहेत. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला जमीन मिळायची. त्या जमिनीला तुकूम म्हणत. कोहळी समाजाच्या लोकांनी उसासाठी आणि धानासाठी दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागा मातीच्या बांधाने अडवल्या आणि पूर्व विदर्भात अशी हजारो तळी उभी केली. पुढे ती मालगुजारांकडे गेली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तळी सरकारकडे आली. तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणजेच मामा तलाव म्हणतात. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून ही संख्या सहा हजारांच्या वर जाते.

म्हणजे तुम्ही बघायला येता ते तळं कुणाच्या तरी शेताचं पाणी असतं, कुणाची मासेमारी असते, कुणाचे शिंगाडे असतात. मासेमारी करणाऱ्या धिवर समाजाची सोसायटी तिथे माशांचं बीज सोडते. ज्या बांधावर उभे राहून तुम्ही फोटो काढता, त्याला पुस्तकात पाळ म्हणतात. आमच्या झाडीबोलीत ळ चा र होतो, म्हणून आम्ही पार म्हणतो. पाणी सोडायची जुनी व्यवस्था म्हणजे तुडूम. हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण पुढे दोन्ही धोक्याच्या जागा म्हणून येणार आहेत.

आणि एक: ही सगळी तळी, त्यांचे सांडवे, चुलबंद आणि गाढवी या नद्या, सगळं पाणी शेवटी वैनगंगेलाच मिळतं. आपला प्रवासही त्याच उताराने जातो. मला हा रस्ता आवडतो तो यासाठी. नकाशावर तो वाकडातिकडा दिसतो, पण पाण्याच्या हिशेबाने सरळ आहे.

२. महिना नीट निवडा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत या. बाकी वर्षभर येऊ नका असं नाही, पण पहिल्यांदा येत असाल तर हेच ऐका.

नोव्हेंबरात धान कापणी चाललेली असते, शेतात पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, रचलेले असतात आणि तळी काठोकाठ भरलेली असतात. थंडीबरोबर बाहेरचे पक्षी उतरतात: तलवार बदक, थापट्या, मोठी लालसरी, आणि नशीब असेल तर हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब. फेब्रुवारी सरता सरता ते परतू लागतात. मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) हेही याच दिवसांत असतात.

पावसाळ्यात हिरवळ बघून जीव वेडावतो, पण रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत आतले रस्ते ट्रॅक्टरच्या चिखलचाकांनी उखडलेले असतात आणि नाल्यांवरून पाणी जातं. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचे गाभ्यातले रस्तेही पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतात. मे महिन्याबद्दल माझ्या नणंदेला विचारा. सारस पक्षी मात्र उन्हाळ्याच्या शेवटी उरलेल्या पाण्याशी एकत्र येतात, म्हणून त्यांची गणनाही जूनच्या सुमारास होते. पण ४५ अंशांत तुम्हाला ते सुख झेपेल का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

३. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं:

- वाहन परवाना, आरसी, विमा आणि पीयूसी. मोबाइलमधल्या डिजिलॉकरमध्ये असले तरी छापील प्रत ठेवा. जंगलाच्या पट्ट्यात रेंज जाते आणि संध्याकाळी नाकाबंदी असली की नेमकी तेव्हाच गेलेली असते.
- प्रत्येकाचं ओळखपत्र. सफारी करणार असाल तर बुकिंगला ज्या ओळखपत्राचा नंबर दिला, तेच मूळ ओळखपत्र. आधारचा नंबर देऊन पॅन कार्ड घेऊन येणारे पाहुणे मी पाहिलेत.
- फास्टॅगमध्ये पैसे. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर थोडा वेळ तरी जावंच लागतं.

सामान: दुर्बीण (८×४२ पुरते, महागडी नको), स्टेपनीत हवा, जॅक, टॉर्च, जाड तळव्याचे बूट, पहाटेसाठी स्वेटर आणि कानटोपी. "विदर्भात कसली थंडी" म्हणणाऱ्यांनी जानेवारीत पहाटे पाचला तळ्याच्या पारीवर उभं राहून दाखवावं. रोख पैसे सुट्ट्यांमध्ये ठेवा. उकडलेले शिंगाडे विकणाऱ्या म्हातारीकडे यूपीआय असेलच असं नाही.

नंबर: पोलीस व इतर आपत्कालीन मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३, आणि जंगलातल्या कुठल्याही भानगडीला वनविभागाचा १९२६. साप चावला तर झाडपाला, बांधणं, चिरणं काही करू नका. माणसाला हलू न देता १०८ बोलवा आणि सरकारी रुग्णालय गाठा. धानाच्या बांध्यांचा मुलूख आहे, साप असणारच.

४. पहाट: गोंदिया तालुक्यातले सारस

गोंदियाला आदल्या रात्री मुक्काम करा. हावडा–मुंबई मार्गावरचं जंक्शन असल्याने रेल्वेने येऊन इथूनच गाडी भाड्याने घेणं अनेकांना सोयीचं पडतं.

पहाटे शहराच्या उत्तरेला, बिरसी विमानतळाच्या बाजूला निघा. परसवाडा, झिलमिली ही नावं विचारत जा. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर गोंदिया जिल्हाच. शेजारच्या भंडाऱ्यात अगदीच तुरळक उरलेत आणि वैनगंगेपलीकडे बालाघाटात काही आहेत. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच तो हाच, जवळजवळ माणसाएवढा. मान आणि डोकं लालभडक, अंग राखाडी. जोडी कायम सोबत. एकाने मान वर करून हाक दिली की दुसरा लगेच साथ देतो. ती हाक धुक्यातून आली की लांबवरच्या मोटारीचा भोंगा वाटावा, इतकी मोठी असते.

संख्या फार थोडी उरली आहे. पावसाळ्यात ते धानाच्या बांधीतच गवताचा ढीग करून घरटं घालतात, अंडी साधारण दोनच. शेतकऱ्याने ठरवलं तर घरटं वाचतं, नाही तर नाही. शेतावरून गेलेल्या विजेच्या तारा, फवारणी आणि तळ्यात वाढणारं बेशरम नावाचं झुडूप, ही तिन्ही त्यांच्या जिवावर उठलेली आहेत.

म्हणून इथले नियम कडक धरा:

- गाडी रस्त्यावरच ठेवा. बांधीच्या धुऱ्यावरून (बांधावरून) चालत सारसाकडे जाऊ नका. तो उडाला तर तुम्ही जास्त जवळ गेलात, एवढं सरळ गणित आहे.
- ड्रोन नको. मी एकदा ड्रोनवाल्याला अडवलं तर तो म्हणाला, "ताई, मी लांबूनच घेतोय." सारसाला लांब-जवळ कळत नाही, आकाशातून काही येतंय एवढंच कळतं.
- घरट्याची जागा कुणाला सांगू नका, फोटोबरोबर तर नाहीच.

गावात एखादा सारसमित्र भेटतोच. त्याच्यासोबत गेलात तर अर्ध्या तासात काम होतं, एकटे गेलात तर सकाळभर हिंडून बगळे मोजून परत याल. आणि दिसला नाही तर रागावू नका. माझ्या पहिल्या तीन फेऱ्यांत मला एकही दिसला नव्हता. चौथ्या वेळी आम्ही चहा पीत असताना जोडी समोरच्या बांधीत उतरली.

५. गोंदिया ते कोहमारा

गोरेगावमार्गे कोहमाऱ्याकडे दक्षिणेला या. अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास. रस्ता चांगला आहे आणि तोच त्याचा दोष. गोरेगाव सोडलं की मुरदोलीचं जंगल लागतं. नागझिरा आणि नवेगाव या दोन जंगलांमधली प्राण्यांची वाट या रस्त्याला कापते. ऑगस्ट २०२३ मध्ये इथेच एका कारच्या धडकेने तरुण वाघाचा जीव गेला. ४० च्या वर वेग नको, आणि सूर्य मावळल्यावर हा पट्टा पार करायची वेळच येऊ देऊ नका.

कोहमारा म्हणजे महामार्ग ५३ वरचं गाव. पेट्रोल इथे भरून घ्या, पुढे पंप आहेत पण विरळ. नाश्त्याला तर्री-पोहा. "तिखट कमी" असं सांगितलं तरी ते तुमच्या हिशेबाने कमी नसतं.

६. नवेगाव बांध: इथे एक रात्र हवीच

कोहमाऱ्याहून दक्षिणेला सुमारे २५ किलोमीटर. बहुतेक लोक दुपारी बाराला पोहोचतात, बागेत फिरतात, बोटीत बसतात, आईस्क्रीम खातात आणि तीनला निघतात. त्यांनी नवेगाव बांध पाहिला नाही असं मी स्पष्ट सांगते. या तळ्याला दोन वेळा आहेत, पहाट आणि तिन्हीसांज. मधल्या वेळेत ते नुसतं चकाकतं.

तळं सुमारे ११ चौरस किलोमीटर पसरलेलं आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधलं असं मानतात. भोवतीच्या टेकड्यांवरच्या सात बहिणींनी त्यांना बांधकामात मदत केली, अशी कथा आहे. पुढे पाटलांनाच लोकांनी देव केलं. कोलासुर म्हणून त्यांचं ठाणं तळ्याशेजारीच आहे. आमच्या मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, अभियंत्यांबद्दल काही बोललं की ते एवढंच म्हणायचे, "धरण बांधून देव झालेला एक तरी दाखव."

१९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीतली वर्षं इथे घालवली आणि या तळ्यातले मासे, पक्षी, धिवरांचे शब्द मराठीत आणले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

काय करायचं ते क्रमाने सांगते.

आधी मुक्काम. खोल्या मोजक्या आहेत. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि शनिवार-रविवार सोडून या. बुकिंग करताना खोलीचं नाव, गरम पाणी आणि रात्रीचं जेवण या तिन्ही गोष्टी फोनवर स्पष्ट विचारा. आम्ही एकदा "सगळं आहे" एवढ्या उत्तरावर विसंबून एका खासगी जागी गेलो. सगळं होतं, फक्त स्वयंपाकी लग्नाला गेला होता. चौघांनी रात्री मुरमुरे आणि भजी खाऊन भागवलं.

सफारी हवी असेल तर वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरच बुकिंग करा आणि आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी आहे ते तिथेच बघा. दारावर "साहेब, जागा करून देतो" म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. आणि वाघाच्या आशेने येऊ नका. वाघ आहे, पण तो तुमच्या वेळापत्रकाला बांधलेला नाही.

पहाटे साडेपाचला तळ्यावर. आधी फक्त आवाज येतो. अडईंची शीळ, जांभळ्या पाणकोंबड्यांची भांडणं. मग उजेडाबरोबर काळे ठिपके दिसतात आणि ते हलू लागले की कळतं, हे सगळे वारकरी आहेत. पंढरीचे नाहीत, चांदवा पक्ष्याला हे नाव आहे, कपाळावर पांढरा टिळा म्हणून. कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी मुलांना दाखवा, त्यांना तो वाघापेक्षा जास्त लक्षात राहतो. पाण्यावर घिरट्या घालून एकदम सूर मारणारी मोठी घार दिसली तर ती मीनखाई, म्हणजे कैकर.

सूर्य वर आला की धिवरांची जाळी येतात. मासे बघा, भाव विचारा, घ्यायचे असतील तर घ्या, पण घासाघीस करू नका. रात्रभर थंड पाण्यात उभं राहिलेल्या माणसाशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालताना मी आमच्याच लोकांना पाहिलं आहे आणि मान खाली घातली आहे. काठावर एखादा म्हातारा धिवर मोकळा बसलेला दिसला तर त्याला देवधानाबद्दल विचारा. तळ्याच्या कडेला आपोआप उगवणारं रानटी धान आहे ते. बेशरम आणि जलपर्णीने त्याची जागा खाल्ली. भंडारा-गोंदियाच्या काही गावांत बायकांनी बेशरम मुळासकट उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, तिथे मासे आणि पक्षी दोन्ही परतले आहेत.

७. इथे लोक फसतात

ही यादी मी स्वतः भोगून तयार केली आहे.

मॅपवरची "जवळची वाट". मोबाइलमधला नकाशा तळ्याच्या पारीला आणि नहरीच्या (कालव्याच्या) काठच्या वाटेला रस्ता समजतो. एका ऑगस्टमध्ये मी त्याचं ऐकून पारीवर गाडी घातली. दोनशे मीटरवर चाकं रुतली, एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला दहा फूट खाली बांधी, वळायला जागा नाही. रोवणीतून एक काका वर आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "हा रस्ता नोहे बाई, पार आहे. गाडी इकडं कायले आणली?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. ट्रॅक्टरने ओढून काढली. पैसे घेतले नाहीत, पण तो प्रश्न त्यांनी तीनदा विचारला. डांबर संपलं की थांबा, उतरा, माणसाला विचारा.

तुडुमाजवळचं पाणी. तळं काठाला उथळ दिसतं म्हणून मुलं उतरतात. तुडुमाशी ते एकदम खोल असतं आणि पाणी सोडलेलं असेल तर ओढही असते. शिंगाड्याच्या वेलीत पाय अडकतात ते वेगळंच. पोहायचा विचार डोक्यातून काढा.

रस्त्यावरचं धान. कापणीनंतर डांबरी रस्त्याची अर्धी बाजू धान वाळवायला वापरतात. कडेला दगड मांडलेले असतात. रात्री ते दिसत नाहीत. धानावरून गाडी घालू नका, कुणाच्या वर्षाच्या कमाईवरून चाक जातं. तणसाने (धानाच्या पेंढ्याने) भरलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय चालतात, त्यांच्या मागे अंतर ठेवा.

नाटकाची पहाट. हे बाहेरच्यांना ठाऊकच नसतं. दिवाळीनंतर झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाची, नाटकं सुरू होतात, रात्री दहाला पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. त्या वेळी गावोगावच्या रस्त्यांवर दुचाकीवर तिघं-तिघं, अर्धवट झोपेत, घरी निघालेले असतात. आणि तुम्ही नेमके पक्षी बघायला निघालेले असता. धुकं असेल तर आणखीच जपून.

८. अर्जुनी, इटियाडोह आणि वडशाचा वळसा

नवेगाव बांधहून अर्जुनी मोरगाव जवळच आहे. वाटेत गोंदिया–चांदा फोर्ट रेल्वेचं फाटक लागलं आणि बंद असलं तर चिडू नका, उतरून बांधीकडे बघा. उघड्या चोचीचे करकोचे गोगलगायी वेचत असतात.

वेळ असेल तर गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाला जा. त्याचं पाणी तीन जिल्ह्यांच्या धानाला जातं. त्याच भागात प्रतापगडचा किल्ला आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते, डोंगराच्या पायथ्याशी दर्गाही आहे, आणि दोन्हीकडे जाणारी माणसं बऱ्याचदा तीच असतात. यात्रेच्या दिवसांत मात्र गाडी घेऊन जाऊ नका. गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. १९७० च्या दशकात ते इथे आले, धानाच्या मुलखात प्रार्थनेच्या पताका फडकतात. ते त्यांचं राहतं गाव आहे, घरात डोकावू नका. मठाशी विचारून आत जा.

अर्जुनीहून थेट लाखांदूर गाठता येतं. मी मात्र जाता येता वडशाला, म्हणजे देसाईगंजला, वळसा घालते. झाडीपट्टी नाटकांच्या मंडळ्यांची कार्यालयं तिथे आहेत, आणि भिंतीवरची पोस्टरं वाचत चहा घेणं हा माझ्यापुरता स्वतंत्र कार्यक्रम आहे. तुम्हाला रात्र काढायची तयारी असेल तर एक नाटक बघाच, फक्त दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्याकडे द्या.

९. लाखांदूर ते पवनी

३५ किलोमीटरच्या आसपास. धानाच्या बांध्या, मध्येमध्ये लाखोळी आणि जवस, आणि चुलबंदेचं खोरं. जवसाला निळी फुलं आली असतील तर जानेवारी आहे. जेवणाची मोठी हॉटेलं नाहीत, म्हणून लाखांदूरला काहीतरी पोटात टाकून घ्या. या पट्ट्याबद्दल आणखी सांगण्यासारखं नाही, आणि मला तो त्यासाठीच आवडतो.

१०. पवनी: घाईत बघू नका

पवनीत शिरताना मातीचे उंच बंधारे दिसतात. त्याच जुन्या तटाच्या आणि खंदकाच्या खुणा. आत गल्ल्या अरुंद आहेत, गाडी दरवाजाबाहेर किंवा बसस्थानकाच्या बाजूला लावा आणि पायी फिरा.

पहिल्यांदा जगन्नाथ टेकडी. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मिळून इथे उत्खनन केलं आणि मौर्य-शुंग काळापर्यंत मागे जाणारा मोठा स्तूप मिळाला. कोरीव दगडांवर बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग आहे, दान देणाऱ्यांची नावं आहेत. पवनीत सापडलेला महाक्षत्रप (ही शक राज्यकर्त्यांची पदवी) रूपिअम्माचा स्मृतिस्तंभ नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. परतताना नागपूरला थांबणार असाल तर तोही बघा. टेकडीवर मात्र फारसं काही उभं नाही. इथे येऊन "एवढंच?" म्हणणारे खूप. म्हणून मी पाहुण्यांना आधी सांगते: इथे डोळ्यांनी कमी आणि कल्पनेने जास्त बघायचं आहे. अखंड, भव्य स्तूप हवा असेल तर जवळच रुयाड-सिंदपुरीला नव्या काळात बांधलेली महासमाधीभूमी आहे.

मग पंचमुखी गणपती. विदर्भाच्या अष्टविनायकांतला हा सर्वतोभद्र. लहानसं ठिकाण आहे, चपला काढायलाही गर्दी नसते.

घाट सगळ्यात शेवटी, पहाटे किंवा संध्याकाळी. पवनीला विदर्भाची काशी म्हणतात, ते देवळं आणि घाटांच्या संख्येमुळे. पायऱ्यांवर बसा. पिंडदानाला आलेली माणसं असतात, त्यांचे फोटो काढू नका. नदीत उतरायचा मोह आवरा, यामागे एक कारण आहे. जवळच गोसेखुर्दचं धरण आहे, ३३ दारांचं. १९८८ मध्ये राजीव गांधींनी त्याची पायाभरणी केली. दारं उघडली की खाली पाणी झपाट्याने चढतं. पावसाळ्यात भोंगा किंवा दवंडी झाली तर सामान गोळा करत बसू नका, वर या. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेने जे केलं ते इथल्या लोकांना सांगायला लागत नाही. कुठल्याही घराच्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते बोट ठेवून दाखवतात. धरणात शेतं आणि गावं गेली त्यांचं दुःख अजून ओलं आहे. "धरण किती सुंदर" असं चहाच्या टपरीवर मोठ्याने म्हणण्याआधी शेजारी कोण बसलंय ते बघा.

११. परतीची वाट

नागपूरला जायचं तर निलज, भिवापूर, उमरेड असे निघा. अंतर ऐंशी-नव्वद किलोमीटरचं. पवनीहून दुपारी चारच्या आत निघा, कारण रस्ता उमरेड-पवनी-करांडला अभयारण्याच्या कडेने जातो आणि अंधार पडला की रानडुकरं आणि नीलगायी रस्त्यावर येतात. नागझिऱ्यात जन्मलेला जय नावाचा वाघ २०१३ मध्ये शंभराहून जास्त किलोमीटर चालत, महामार्ग, नहरी आणि शेतं ओलांडत या करांडल्यात आला होता. २०१६ च्या एप्रिलनंतर तो कुणाला दिसला नाही. तुम्ही तीन दिवसांत एसी लावून जेवढं आलात, साधारण तेवढंच तो पायी आला, एवढं मनात असू द्या म्हणजे पाय आपोआप ब्रेककडे राहतो.

भिवापूरला मिरची घ्यायला थांबा. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, पण लागवड फार कमी झाली आहे, म्हणून पाटीवर "भिवापुरी" लिहिलं म्हणजे आत तीच असेल असं नाही. शक्यतो दुकानाऐवजी शेतकऱ्याकडून घ्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी आलेली असते. पिशवी डिकीत ठेवा, मागच्या सीटवर नको. जावईबापूंनी ती मागे ठेवली होती, आणि उमरेडपासून नागपूरपर्यंत चौघांच्याही शिंका थांबल्या नाहीत.